एक सीट शिल्लक

आमच्या सासरी माणूस घराबाहेर पडायचं ते लग्नाला, नाहीतर मयतीला, नाहीतर देवाला. उगाच कुठंतरी जायचं, नुसतं बघायला जायचं, असं काही असतं हे त्या घराला माहीतच नव्हतं. नाशकाजवळ मखमलाबादच्या पुढं आमचा मळा. रस्त्याच्या बाजूला झेंडू, विहिरीकडं मेथी, शेपू, कोथिंबीर, आणि मधे पत्र्याचं घर. सकाळी डोळा उघडायचा तो विहिरीवरच्या मोटरीच्या आवाजानं. वीज कधी येईल त्याचा नेम नसायचा, पण आली की मोटर गुरगुरायची आणि सगळं घर पळत सुटायचं, कुणी बारं धरायला, म्हणजे वाफ्यात पाणी वळवायला, कुणी चूल पेटवायला. बाजरीची भाकरी, वर कच्च्या मेथीचा घोळाणा, त्यात कांदा, दाण्याचं कूट आणि तेलाची धार. रोज तेच. अजून तो वास आला की मला पोटात भुकेच्या आधी घाईच आठवते.

मी आठवीत शाळा सोडलेली, अठराव्याला लग्न, विसाव्याला सोनी झाली. आणि सोनी झाल्यापासून मला एक रोग लागला होता. श्वास पुरायचा नाही. घ्यायची, पण वर येऊन कुठंतरी अडकायचा, पाईपात माती बसली की मोटर नुसतीच गुरगुरते ना, तसं. हात गार पडायचे, ओठ बधिर व्हायचे. सोनीला जरा ताप आला की अडकायचा, थोरल्या जाऊबाईंनी हाक मारली की अडकायचा, रस्ता ओलांडताना अडकायचा. मला सगळ्याची भीती वाटायची आणि भीती वाटते हे सांगायची त्याहून जास्त. शेवटी ह्यांनी पंचवटीत डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी छातीला नळी लावली, फोटो काढला, म्हणाल्या, "फुफ्फुसं ठणठणीत आहेत हिची. हिला चार दिवस कुठंतरी घेऊन जा. हवापालट."

हे सायकल ढकलत घरापर्यंत विचार करत आले. मग म्हणाले, "हवा? हवेला काय कमी हाय आपल्याकडं? सगळा मळा हवेतच हाय."

ते वाईट माणूस नव्हते, नाहीतच. पण झेंडूचा तोडा चालू होता, पाण्याची पाळी होती, मळा सोडून कुठं जाणार? आणि पैसे तरी कुठं होते. मी म्हटलं, राहू द्या, होईल बरं. आतून मात्र ते हवापालट माझ्या डोक्यात बसलं. मला समुद्र बघायचा होता. का ते विचारू नका. पाचवीच्या पुस्तकात एक चित्र होतं, निळ्या पाण्याचं, त्याला पलीकडचा काठच नव्हता. पलीकडचा काठ नाही म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

दुपारी मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, टेम्पोत पाट्या टाकून नाशकात द्वारका चौकातल्या भाजीबाजारात जायचो. आत्याबाई तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या, पण मला त्या जन्मापासून म्हाताऱ्याच वाटायच्या. हिरवं नऊवारी, कपाळाला मोठं गोंदण, आणि आवाज असा की चौकातले रिक्षावाले मागं वळून बघायचे. भाव त्या ओरडायच्या. मी मागं बसून सोनीला मांडीवर घेऊन जुड्या ओल्या करायची. मी गिऱ्हाइकाशी कधी बोललेच नव्हते. कुणी मला विचारलं तर मी आत्याबाईंकडं बघायची.

आमच्या जागेच्या बरोबर समोर एका ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन आणि बाहेर काळा फळा. मालक चंदूशेठ, पोट सुटलेले, गळ्यात सोन्याची साखळी, आणि वृत्तीनं इतके चिकट की बाजार उठायच्या वेळेलाच यायचे. मेथी सुकायला लागली, आम्ही पाट्या आवरायला लागलो, की हे समोर उभे. "मावशी, उठता बाजार आहे. एकाच्या भावात दोन द्या. नाहीतर नेऊन म्हशीलाच घालाल."

"घालीन! म्हस दूध तरी देती. तुम्ही काय देता?" आत्याबाई म्हणायच्या. पण द्यायच्या. सकाळच्याला त्या जुडीला कोण विचारणार, ते दोघांना माहीत होतं.

त्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून वेळ घालवायचा असला की त्या मला म्हणायच्या, वाच गं काय लिव्हलंय. एका गुरुवारी मी वाचलं, "कोकण दर्शन. गणपतीपुळे. तीन दिवस. चार सीट शिल्लक." दर गुरुवारी संध्याकाळी पाचला ती बस सुटायची. त्या दिवशी पाच वाजले, बस भोंगा वाजवत निघून गेली, आणि फळ्यावर चार सीट तशाच.

मी विचारलं, "आत्याबाई, त्या चार सीटांचं आता काय?"

"काय व्हायचंय? गेल्या."

"रिकाम्या?"

आत्याबाईंचा हात जुडीवरच थांबला. त्यांनी त्या बसच्या धुराकडं बघितलं, मग फळ्याकडं, मग चंदूशेठकडं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्यासमोर भरलेली पाटी गटारात ओतली. "म्हणजे ह्याचा माल दर गुरुवारी चार-चार जुड्या फुकट जातो," त्या म्हणाल्या, "आणि हा मुडदा माझ्याशी मेथीला घासाघीस करतो?"

त्या लगेच उठल्या. पदर खोचला आणि रस्ता ओलांडून गेल्या. मी लांबून बघत होते. आधी चंदूशेठ हसत होते, मग हसायचे थांबले, मग डोकं खाजवायला लागले. परत येऊन आत्याबाई बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी पावणेपाचला बोलू म्हणतोय. दोन सीट राहिल्या तर निम्म्यात. गणपती हाय ना तिथं? मग झालं. देवाला चाललो म्हणायचं. डॉक्टरीण काय म्हणली ती, हवा, ती पण होईल."

मला वाटायचं माझ्या दुखण्याचं त्यांच्या लक्षातच नाही.

आता माझी सोनी पुण्यात असते, नोकरी करते. शुक्रवारी दुपारी मोबाईल काढते, बोटानं वर-खाली करते, आणि म्हणते, "आई, आज रात्रीचं हॉटेल निम्म्यात मिळालं, शेवटच्या क्षणाला टाकतात ते." मला म्हणते तुला नाही कळायचं.

तर दर गुरुवारी आम्ही बाजाराला जाताना कपडे घेऊन जायला लागलो. माझी एक रेक्झिनची बॅग, त्यात माझ्या दोन गोल, पाचवारी साड्या आणि सोनीचे लंगोट, झबली. आत्याबाईंची कापडी पिशवी, त्यात लुगडं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि देवासाठी नारळ. घरी देवाला चाललो म्हणून सांगितलेलं, आणि मेथीच्या पाटीखाली दोन्ही सरकवलेल्या. पहिल्या गुरुवारी बस खच्चून भरली, एक सीट नाही. आम्ही पिशव्या घेऊन परत. थोरल्या जाऊबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. "आल्या का कोकणातून?" त्या म्हणाल्या. "मासे नाय आणले?"

दुसऱ्या गुरुवारी दोन सीट राहिल्या होत्या. खरंच दोन, शेजारशेजारच्या. पण आत्याबाईंनी केलं काय, चंदूशेठनी निम्मे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "निम्म्याच्या निम्मे." ते नाही म्हणाले. मग त्यांनी मला कोपर मारलं, "चल गं, नाय परवडत," आणि पाठ फिरवून चालायला लागल्या. बाजारात असंच असतं. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दहा पावलं जातं, मग आपण हाक मारतो, या बाई या, तुमचंच खरं. आम्ही दहा पावलं गेलो. उसाच्या गाड्यापाशी थांबलो. आत्याबाई पाठमोऱ्या, मान ताठ, मला पुटपुटत होत्या, "बघू नको मागं. बघू नको. आता मारतोय हाक." हाक आली नाही. भोंगा आला. एक नवराबायको धावत येऊन, पूर्ण पैसे देऊन त्या दोन सीटांवर बसले होते. बस आमच्या समोरून गेली आणि खिडकीतून ती बाई सोनीला टाटा करत होती.

टेम्पोत आत्याबाईंनी रिकाम्या पाट्या एकात एक घातल्या. मग म्हणाल्या, "सीट म्हणजे मेथी नव्हं. मला वाटलं सारखंच."

"आल्या का?" ओट्यावरून आवाज आला. "ह्या येळी लवकर आलात!" ह्यांना पण हसू आवरेना. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. श्वास अडकला होता.

तिसऱ्या गुरुवारी एक सीट राहिली.

चंदूशेठ स्वतः रस्ता ओलांडून आले. "मावशी, एकच आहे. खिडकीची, शेजारी बाईमाणूस आहे. मांडीवरच्या लेकराचं काही घेणार नाही. पाच मिनिटं आहेत. घासाघीस करू नका आता, हात जोडतो."

आत्याबाईंनी कमरेच्या चंचीतून पैसे काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले. मग माझ्याकडं वळल्या. "सुमन, चढ."

मी एकटी माहेरी सटाण्यालासुद्धा कधी गेले नव्हते. भाऊ न्यायला यायचा, हे सोडायला यायचे. मी सोनीला कडेवर घेतलं आणि बसपाशी गेले. एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली. आतनं डिझेलचा आणि कुणाच्या तरी पुरीभाजीचा वास आला. चाळीस माणसांनी एकदम माझ्याकडं बघितलं. ते चांगलेच असतील सगळे, पण चाळीस. पायरी इंजिननं थरथरत होती, ती थरथर पायातून वर आली, पोटात, छातीत, आणि तिथं सगळं बंद झालं. मला वाटलं मी आता इथंच मरते आणि सोनी ह्या पायरीवरून पडते. मी पाय खाली घेतला.

आणि तोंडातून काय निघालं, तर, "आत्याबाई, तुम्ही जा."

"मी?"

"तुम्ही कधी कुठं गेलायत? आधी तुम्ही. मी काय, मला सगळं आयुष्य पडलंय." हे शब्द मला कुठून सुचले, देव जाणे. भीतीत माणूस किती शहाणं बोलतं.

सगळं बदललं एकदम. दारातल्या एका आजी "बाई गं!" म्हणाल्या. चंदूशेठनी हात छातीला लावला. "मावशी, अशी सून. नशीबवान आहात हो." आणि आत्याबाईंचे डोळे, जे मी कधी ओले बघितले नव्हते, ते भरले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "पण बाजार? मेथी कोण विकील?" त्या म्हणत होत्या, पण ड्रायव्हरनं गिअर टाकला होता, कुणीतरी त्यांना हाताला धरून वर घेतलं, मी पळत जाऊन पाटीखालनं त्यांची पिशवी ओढली आणि खिडकीतून आत कोंबली. बस द्वारकेच्या चौकातून सिन्नरच्या अंगाला वळली. मी रस्त्यात उभी राहून भसाभसा श्वास घेत होते. सुटले, एवढंच वाटत होतं. मग जागेवर येऊन बघितलं, तर आत्याबाईंची कापडी पिशवी पाटीखाली तशीच होती. मी माझी बॅग दिली होती. त्या माझ्या दोन गोल साड्या आणि सोनीचे लंगोट घेऊन कोकणात गेल्या होत्या.

शुक्रवारी बाजारात मी एकटी. समोर पाटी, मांडीवर सोनी, आणि भाव ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. मेथी तशीच. शेजारच्या कांदेवालीनं आवाज टाकला, "अगं, ओरड ना! मनात म्हणून मेथी खपती का?" मग मी ओरडले. पहिलं ओरडणं असं फाटलं की सोनी रडायला लागली. पण एक बाई थांबली. दुपार उलटेपर्यंत मी ओरडत होते. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, की ओरडायला आधी श्वास घ्यावाच लागतो. अडकला तरी अर्धा का होईना. रोग गेला नाही माझा त्यानं, पुढं पाच-सहा वर्षं होता. पण धरायला काहीतरी मिळालं.

संध्याकाळी चंदूशेठ आले. मी आपणहून उठत्या बाजाराचा भाव सांगितला, तर म्हणाले, "नाही बेटा, तुला पूर्ण देणार. सासूला पाठवलंस तू." आणि पूर्ण दिले. सगळा बाजार यायचा बघायला, ही ती सून म्हणून. कांदेवाली तिच्या सुनेला माझ्याकडं बोट दाखवून टोमणे मारायची, आणि ती बिचारी खाली मान घालून बसायची. घरी थोरल्या जाऊबाई गप्पच झाल्या होत्या. हे जेवताना म्हणाले, "लय मोठं मन हाय तुझं." मी तीन दिवस त्या कौतुकाखाली अशी दबून होते, जसं कुणाचं तरी चोरून आणलेलं लुगडं नेसून फिरतेय.

सोमवारी सकाळी आत्याबाई आल्या. रिक्षातून उतरल्या त्या माझी निळी गोल साडी नेसून. आयुष्यात पहिल्यांदा. पदर कुठं घ्यावा ते कळत नव्हतं, घोटे उघडे, आणि हातात माझी रेक्झिनची बॅग. थोरल्या जाऊबाई तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. ह्यांनी विचारलं, "कसं झालं?" त्या म्हणाल्या, "देव चांगला हाय. नारळ तिथंच घ्यावा लागला." एवढंच. प्रसाद वाटला, लुगडं नेसलं, आणि मेथी काढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच वाफ्यात होतो. दव होतं. जुड्या बांधता बांधता त्या आपण होऊनच बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता. "लुगडं भिजलं लाटंनं, मग नेसले तुझी साडी. शेजारच्या मास्तरीणबाईंनी नेसवली. सुमन, एवढं पाणी. पाळी नाय, वीज नाय, मोटर नाय. आपलं आपलं येतंय, आपलं आपलं जातंय. कुणाला बारं धरायला नको. मी दोन तास नुसती बसले. एवढ्या वर्षात दोन तास मी बसलेली कुणी बघितलीय का?" मग हसल्या. "जाताना मात्र लय रडले. सिन्नरपातूर रडले. मास्तरीण म्हणली काय झालं, मग सांगितलं तिला, माझ्या सुनेनं तिची जागा मला दिली. तिनं पुढच्यांना सांगितलं. समद्या बसला कळलं. समदे मला पोळी आणून देत व्हते. अशी सून म्हणं कुठं मिळते."

मी जुडी खाली ठेवली. सांगायचं नव्हतं. ह्या क्षणी गप्प बसले असते तर जन्मभर मी त्या घरात राणी होते. पण त्या रडल्या ते माझ्या नावानं रडल्या होत्या, आणि ते माझं नव्हतंच.

"आत्याबाई, मी मान नाही दिला. मी भ्याले. पायरीवर श्वास बंद झाला. म्हणून तुम्हाला पुढं केलं."

त्यांनी जुडीला केळीचं सोपट गुंडाळलं, गाठ मारली, जास्तीचं दातानं तोडलं. दुसरी जुडी घेतली. ती पण बांधली.

"चाळीस माणसांना सांगून बसलेय मी," त्या म्हणाल्या. "आता त्यांना कुठं गाठत फिरू, नव्हतं तसं म्हणून?"

"चुकलं माझं."

"राहू दे त्यांना तसंच." मग पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. "मी काय कमी भ्याले व्हते? सिन्नरला बस चहाला थांबली तवा खाली उतरून परत यायला निघालेच व्हते. नाशिकची गाडी कुठं लागती ते पण इचारलं एकाला. मास्तरणीनं हात धरला म्हणून. तुझा धरायला कुणी नव्हतं, एवढाच फरक हाय." आणि जुडी पाटीत आपटून म्हणाल्या, "मान दिला असतास तर मला फेडावा लागला असता. भ्यालीस ना? मग बरं झालं. आता तुझी पाळी. गुरुवारी मीच ढकलते तुला."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. दहाव्याला भाऊबंद जमले तेव्हासुद्धा कुणीतरी ती गोष्ट काढली, सुनेनं सासूला कोकण दाखवलं ती, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी रडतेय.

त्या गुरुवारी फळ्यावर दोन सीट होत्या. आत्याबाईंनी एकीचेच पैसे दिले. मी पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली, आणि तीच थरथर परत वर चढायला लागली. मी मागं वळून म्हणणार होते, आत्याबाई, तुम्हीपण चला ना. त्यांनी वळू दिलं नाही. दोन्ही हात माझ्या पाठीला लावले आणि ढकललं, सोनीसकट, असं की मी थेट दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर जाऊन पडले.

"अहो मावशी!" चंदूशेठ ओरडले. "सून आहे ती, गोणी नाही!"

दार लागलं. मी सिन्नरपर्यंत रडले. तिथं बस चहाला थांबली, आणि मी उतरले नाही.